ब्लॉकचेन आणि टोकन : पहिली ओळख, पहिला सराव



तलावातला मोठा माल निघाला, लिलाव झाला, हातात चार पैसे आले की आपल्या दारात दोन प्रकारची माणसं येतात. एक जाळीवाले, दुसरे योजनावाले. जाळीवाल्याचा माल आपण बोटांनी चाचपून बघतो, गाठ ओढून बघतो, मगच पैसे देतो. योजनावाल्याचा माल हातात धरता येत नाही. आणि अलीकडे त्याच्या तोंडात "ब्लॉकचेन", "टोकन", "कॉइन" हेच शब्द जास्त असतात. खजुरीपासून आळंदपर्यंत आणि पलीकडे उमरगा-अक्कलकोटच्या पाहुण्यांकडूनही आमच्याकडे एकच प्रश्न येतोय : हे खरं आहे का फसवणूक?

एका शब्दात उत्तर देता येत नाही. ब्लॉकचेन नावाची गोष्ट खरी आहे, तिचा उपयोग आपल्या शेजारच्या राज्यात सरकारी दाखल्यांसाठी झालेला आहे. आणि तिच्या नावावर महाराष्ट्रात हजारो कोटींची फसवणूक झाल्याची तक्रारही तितकीच खरी आहे. दोन्ही समजून घेतल्याशिवाय दारातल्या माणसाला काय विचारायचं ते कळणार नाही. म्हणून हा पाठ. यात जे करून बघायला सांगितलंय त्याला एक रुपया लागत नाही. घरातल्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा आणि सावकाश वाचा.

वहीपासून सुरुवात करू

आपल्या संस्थेची वजनाची वही डोळ्यासमोर आणा. कुणी किती किलो कटला आणला, किती रोहू, किती मृगळ, भाव काय लागला, उचल किती वजा झाली. ही वही एकाच ठिकाणी असते, सचिवांच्या कपाटात. ती भिजली, हरवली किंवा कुणी एका आकड्यावर पांढरी शाई लावून दुसरा घातला, तर भांडण सुरू. कारण दुसरी प्रत कुणाकडेच नसते.

आता समजा, तशीच वही प्रत्येक सभासदाच्या घरी आहे. रोज संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी मोठ्यानं वाचल्या जातात आणि सगळे जण आपापल्या वहीत एक पान भरतात. आणखी एक नियम : नव्या पानाच्या डोक्यावर आदल्या पानाचा "अंगठा" उमटवायचा. हा अंगठा माणसाचा नाही, पानावरच्या मजकुराचा. गणित करून मजकुरातून ६४ अक्षरांची एक खूण निघते. "कटला ४२ किलो" लिहिलं तर एक खूण, "कटला ४३ किलो" लिहिलं तर पूर्ण वेगळी खूण. एका आकड्याचा फरक असला तरी दोन खुणा एकमेकींच्या जवळपासही दिसत नाहीत.

त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या पानावर कुणी खाडाखोड केली तर त्या पानाचा अंगठा बदलतो, पुढच्या पानाशी जुळत नाही, तिथून पुढची सगळी पानं खोटी ठरतात. लबाडी पचवायची तर पुढचं प्रत्येक पान नव्यानं लिहायला हवं, आणि तेही बहुतेक सभासदांच्या घरी जाऊन. पान म्हणजे ब्लॉक, अंगठ्यांनी बांधलेली पानांची साखळी म्हणजे ब्लॉकचेन. सभासदांच्या घरांऐवजी जगभरातले हजारो कॉम्प्युटर, इतकाच फरक.

अशी पहिली चालती वही बिटकॉइनची. सातोशी नाकामोतो हे नाव घेणाऱ्या कुणीतरी तिचं पहिलं पान ३ जानेवारी २००९ रोजी लिहिलं. हे नाव एका माणसाचं की अनेकांचं, अजून उघड झालेलं नाही. ३० जुलै २०१५ ला इथेरियम सुरू झालं. त्यात पैशांच्या नोंदीबरोबर अटीही लिहिता येतात. "माल पोचल्याची नोंद झाली की पैसे सोड" अशा पद्धतीच्या. इथेरियमवर गर्दी आणि खर्च वाढला, तेव्हा त्याला जोडून स्वस्त वाट काढणाऱ्यांत भारतीय तरुण होते. २०१७ मध्ये त्यांनी मॅटिक नावानं काम सुरू केलं, तेच आजचं पॉलिगॉन. या पाठात आम्ही उदाहरणाला पॉलिगॉन घेतलंय, कारण आपल्या भाषेच्या मुलखात त्याचं एक खरं काम झालेलं आहे.

एटापल्लीचे दाखले

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली हा आदिवासी, जंगलातला तालुका. मार्च २०२२ मध्ये तिथल्या ६५,००० जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉनवर करण्याचं काम महाराष्ट्र शासनानं हाती घेतलं. लेजिटडॉक नावाच्या भारतीय कंपनीनं तांत्रिक बाजू सांभाळली.

जातीचा दाखला म्हणजे काय चीज आहे हे कोळी, भोई घरांत समजावून सांगायची गरज नाही. दाखला खरा की खोटा, हे ठरेपर्यंत पोरांची शिष्यवृत्ती अडते, प्रवेश अडतो, नोकरी अडते. आणि आपण तर सीमेवरचे. एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्याच्या टेबलावर गेला की "हा खरा कशावरून?" हा प्रश्न ठरलेला.

एटापल्लीत काय केलं, ते नीट बघा. दाखल्यातल्या मजकुराचा तो ६४ अक्षरी अंगठा काढला आणि वहीत चढवला. दाखल्यावर क्यूआर कोड छापला. कुठल्याही कार्यालयातल्या माणसानं मोबाईलनं तो कोड वाचला की समोरचा दाखला आणि वहीतला अंगठा जुळतो का, ते दिसतं. कुणी नावात एक अक्षर बदलून खोटा दाखला छापला तर अंगठा जुळत नाही. पडताळणीसाठी मूळ कार्यालयाला पत्र पाठवा, उत्तराची वाट बघा, हा फेरा त्यातून वाचू शकतो.

इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली : दाखला घेणाऱ्या आदिवासी कुटुंबाला एकही टोकन विकत घ्यावं लागलं नाही. त्याला वॉलेट नको, किल्ली नको, काही नको. वहीत नोंद करायची फी नोंद करणाऱ्यानं भरली. म्हणजे ब्लॉकचेनचा उपयोग होणं आणि आपण टोकनमध्ये पैसे गुंतवणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. योजनावाले मुद्दाम या दोन्ही एकत्र कालवतात. "सरकारसुद्धा वापरतंय" हे वाक्य सांगून लगेच "म्हणून तुम्ही आमचं कॉइन घ्या" म्हणतात. पहिलं वाक्य खरं असू शकतं, पण त्यातून दुसरं निघत नाही.

दुसरी गोष्ट : ही वही मजकूर जसाच्या तसा जपते, मजकूर खरा आहे का ते तिला कळत नाही. दाखला देणाऱ्यानंच चुकीच्या माणसाला दिला असेल तर ती चूकही तितकीच पक्की जपली जाते.

आता माशांकडे येऊ. जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेनं पॅसिफिक समुद्रातल्या ट्यूना माशासाठी, फिजीमधल्या एका मासळी कंपनीबरोबर असाच प्रयोग जाहीर केला. मासा बोटीवर आला की त्याला खुणेची पट्टी लावायची, बंदरावर, कारखान्यात प्रत्येक टप्प्याला ती वाचून वहीत नोंद करायची, आणि शेवटी गिऱ्हाइकानं पुड्यावरचा कोड वाचून मासा कुठं, कुठल्या बोटीनं धरला ते बघायचं. बेकायदा मासेमारीचा आणि वेठबिगारीचा माल बाजारात ओळखू यावा हा हेतू. चांगला हेतू आहे. पण पट्टी लावणारा हात प्रामाणिक हवा. भिगवणच्या बाजारात टोपलीवर "नदीचा रोहू" लिहून आत शेततळ्यातला रोहू भरला, तर ब्लॉकचेन काय करणार? ती टोपलीत हात घालून बघत नाही. आम्हाला विचाराल तर काट्यावरचा माणूस सरळ असला तर साध्या वहीवरही संस्था चालते, आणि तो वाकडा असला तर ब्लॉकचेनही काही वाचवत नाही.

मग टोकन कशाला?

नदी ओलांडायला होडीत बसलो की भाडं द्यावं लागतं. वहीत नोंद करायची तर तसंच भाडं पडतं, त्याला गॅस म्हणतात. हे भाडं त्या त्या वहीच्या स्वतःच्या टोकनमध्ये भरायचं असतं. इथेरियमचं टोकन ईथर. पॉलिगॉनचं आधी मॅटिक होतं, सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या जागी पीओएल म्हणजे पोल आलं. जुने व्हिडिओ बघून कुणी "मॅटिक घ्या" म्हणत असेल तर त्याची माहिती जुनी आहे हे ओळखा.

टोकनचा दुसरा उपयोग अनामत म्हणून. पुढचं पान कुणी लिहायचं हे ठरवताना पॉलिगॉन, इथेरियमसारख्या वह्यांत लिहिणाऱ्याला टोकन अडकवून ठेवावे लागतात. लबाडी केली तर अनामत कापली जाऊ शकते. बिटकॉइनची रीत वेगळी, तिथं प्रचंड वीज जाळून कॉम्प्युटरवर गणितं सोडवावी लागतात.

भाडं किती पडतं, ते एकदा हिशोबानं बघू. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर साधं टोकन पाठवायला २१,००० गॅस लागतो. गॅसचा भाव ग्वेईमध्ये असतो. एका टोकनचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक ग्वेई. समजा आज पॉलिगॉनवर भाव ३० ग्वेई आहे. २१,००० गुणिले ३० म्हणजे ६,३०,००० ग्वेई, म्हणजे ०.०००६३ पोल. एका पोलमध्ये अशा दीड हजारांवर नोंदी होतात. गर्दीच्या वेळी भाव वाढतो, अटी असलेल्या नोंदीला गॅस जास्त लागतो, पण हिशोबाची रीत हीच. आता सांगा, शिकायला आणि वापरायला म्हणून कुणी तुम्हाला पन्नास हजारांचे टोकन घ्यायला लावत असेल तर ते कशासाठी?

आणखी एक. व्यवहार फसला तरी भाडं परत मिळत नाही. होडी अर्ध्या वाटेतून परत आली तरी नावाड्यानं वल्हं मारलेलंच असतं.

वॉलेट आणि बारा शब्द

सरावासाठी मोबाईलवर एक वॉलेट लागेल. मेटामास्क हे बरंच वापरलं जाणारं आहे, खूण कोल्ह्याच्या तोंडाची. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नका. प्ले स्टोअरवरून घ्या, आणि तिथंही बनवणाऱ्याचं नाव वाचा, कारण तशाच चेहऱ्याची बनावट ॲप निघतात.

वॉलेट या शब्दानं घोटाळा होतो. त्यात पैसे नसतात. नोंद वहीत असते, वॉलेटमध्ये असते फक्त किल्ली. नवं वॉलेट उघडताना ते तुम्हाला बारा इंग्रजी शब्द देतं. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले, ठरलेल्या क्रमानं. हे बारा शब्द म्हणजेच किल्ली. मोबाईल पाण्यात पडला तरी हे शब्द नव्या मोबाईलमध्ये घातले की सगळं परत येतं. आणि हेच शब्द दुसऱ्या कुणाच्या हातात गेले तर त्याच्या मोबाईलमध्येही सगळं येतं. वॉलेट उघडायचा पासवर्ड वेगळा, तो फक्त त्या मोबाईलपुरता. खरी मालकी बारा शब्दांची.

म्हणून शब्द कागदावर लिहा, क्रम घालून, दोन प्रती. फोटो काढू नका, गॅलरीत ठेवू नका, स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवू नका. आपल्या घरात ओलावा असतो, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबारा-पहाणीच्या कागदांसारखा जपा. दुसरी प्रत दुसऱ्या घरी.

आता कुणी बोलत नाही असा विषय. पाण्यावर जाणाऱ्याच्या घरात तो टाळता येत नाही. बँकेच्या खात्याला वारस लावता येतो. माणूस गेला तर बायको मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जाते, फेऱ्या मारते, पण पैसे मिळतात. या वहीत वारसाची चौकट नाही. बारा शब्द कुणालाच माहीत नसतील तर त्या पत्त्यावरची शिल्लक सगळ्या जगाला दिसत राहील आणि कुणालाही काढता येणार नाही. कोर्टाचा हुकूमही किल्ली बनवू शकत नाही. त्यामुळे सरावाच्या पुढं जाऊन कुणी खरे टोकन ठेवणार असेल तर कागद कुठं ठेवलाय हे घरच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. बायकोला माहीत नसलेलं धन घरात ठेवायचं नाही, हा आमचा तरी नियम आहे.

मुंबई बंद, अमॉय चालू

आता हात चालवू. खऱ्या जाळ्यात उतरण्याआधी पोरांना आपण काठावर, गुडघाभर पाण्यात शिकवतो. ब्लॉकचेनवालेही नवशिक्यांसाठी सरावाची वही ठेवतात. ती खऱ्यासारखीच चालते, पण तिच्या टोकनला बाजारात किंमत नसते. पॉलिगॉनच्या सरावाच्या जाळ्याचं नाव बरीच वर्षं "मुंबई" होतं! एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं. आताच्याचं नाव "अमॉय". व्हिडिओमध्ये "मुंबई टेस्टनेट" दिसलं तर तो व्हिडिओ सोडून द्या, त्यातल्या पायऱ्या चालणार नाहीत.

वॉलेटमध्ये नेटवर्कच्या यादीत जाऊन अमॉय जोडायचं. प्रत्येक जाळ्याला एक नंबर असतो, अमॉयचा ८०००२, खऱ्या पॉलिगॉनचा १३७. होडीवरचा नंबर बघून होडी ओळखतो तसा हा नंबर बघायची सवय लावा. नावं सारखी ठेवता येतात, नंबर चुकला तर आपण दुसऱ्याच जाळ्यात आहोत.

मग तुमचा पत्ता बघा. सुरुवातीला शून्य आणि इंग्रजी एक्स, पुढं ४० अक्षरं-आकडे. हा पत्ता दुसऱ्याला द्यायला हरकत नाही, त्यावरून कुणी पैसे काढू शकत नाही. पण एक जाणून ठेवा : पत्ता कळला की त्यावरचा आजवरचा प्रत्येक व्यवहार कुणालाही वाचता येतो, कायमचा. त्यामुळे स्वतःच्या नावासकट तो चावडीवर लावू नका.

सरावाचे टोकन फुकट देणाऱ्या जागांना फॉसेट म्हणतात, म्हणजे नळ. तिथं आपला पत्ता घालायचा, थोडे टोकन मिळतात. काही नळ खातं उघडायला सांगतात, काही आधी खऱ्या टोकनची शिल्लक मागतात. शिल्लक मागणारा सोडा, दुसरा बघा. बारा शब्द मागणारा नळ असेल तर तो नळ नव्हे, गळ आहे.

टोकन आले की घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर असंच वॉलेट उघडा आणि ०.०१ पाठवून बघा. पाठवण्याआधी वॉलेट भाडं दाखवेल, वर केलेल्या हिशोबाशी ताडून बघा. नोंद झाली की व्यवहाराचा लांबलचक नंबर मिळतो. तो अमॉयच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे वही वाचायच्या खिडकीत घाला. कुणाकडून, कुणाला, किती, भाडं किती, कितव्या पानावर, सगळं दिसेल. आम्हाला या सगळ्यात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. वही स्वतः वाचता आली की कुणी "तुमचे पैसे जमा झालेत, स्क्रीनशॉट बघा" म्हणालं तर स्क्रीनशॉट बघायची गरज उरत नाही. "व्यवहाराचा नंबर द्या, आम्ही वाचतो," इतकं म्हणायचं.

दुसरा सराव मुद्दाम करा. आणखी एक वॉलेट उघडून त्याच्या पत्त्यावर टोकन पाठवा आणि ते परत ओढायचा प्रयत्न करा. कुठं तक्रार करायची ते शोधा. सापडणार नाही. यूपीआयमध्ये चुकलं तर निदान बँक आहे, अर्ज आहे, नंबर आहे. इथं समोरच्यानं परत पाठवलं तरच परत. ही गोष्ट खोट्या टोकनवर शिकलेली स्वस्त पडते.

सराव करताना दोन सवयी लावून घ्या. पत्ता पूर्ण ताडायचा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून लोक पाठवतात, म्हणून ठग तीच अक्षरं असलेले पत्ते तयार करून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात, तुम्ही यादीतून कॉपी कराल या आशेनं. आणि "अप्रूव्ह" असं बटण आलं की थांबायचं. ते पाठवणं नव्हे, ते दुसऱ्याला तुमच्या टोकनला हात घालायची परवानगी देणं आहे. बऱ्याचदा ती अमर्याद असते. कोऱ्या चेकवर सही केल्यासारखी.

खरे टोकन घ्यायचेच असतील तर

इथवर ज्यांना पुरे वाटलं त्यांनी थांबलं तरी बिघडत नाही. ज्यांना पुढं जायचंय त्यांच्यासाठी कायद्याची बाजू. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा धंद्याला सेवा देऊ नका असं सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे घेणं-विकणं गुन्हा नाही. पण हे चलनही नाही, डिझेलवाल्यानं ते घेतलंच पाहिजे असं नाही. रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया, ज्याचा सर्वसामान्यांसाठीचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, ती वेगळी गोष्ट. तो रुपयाच आहे, त्याचा भाव वर-खाली होत नाही.

कर मात्र कडक आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. उदाहरण घ्या : १०,००० ला घेतलेले टोकन १४,००० ला विकले, नफा ४,०००. कर १,२०० आणि उपकर ४८, मिळून १,२४८ रुपये. त्याच वर्षी दुसऱ्या टोकनमध्ये तुमचे ४,००० बुडाले असतील तरी ते वजा करता येत नाहीत. हातात काही उरलं नाही तरी कर भरायचा. शिवाय जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढं विक्रीच्या रकमेवर १ टक्का आधीच कापला जातो.

घ्यायचं ते केवायसी करणाऱ्या आणि केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंद असलेल्या एक्सचेंजवर. मार्च २०२३ पासून त्यांना मनी लाँडरिंगचा कायदा लागू आहे. पण नोंद म्हणजे हमी नव्हे. वझीरएक्स हे मुंबईत सुरू झालेलं, देशात नावाजलेलं एक्सचेंज. १८ जुलै २०२४ ला त्याच्याकडची सुमारे २,००० कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे काढणं थांबलं. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. इथं तसा विमा नाही. एक्सचेंजवर ठेवलं की किल्ली त्यांच्याकडे, स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं की किल्ली आणि जोखीम दोन्ही आपल्याकडे. तिसरी वाट नाही.

आमचं मत विचाराल तर भाड्यापुरते टोकन ठेवा. जाळं, इंजिन, मत्स्यबीज, बोटुकली यांच्यासाठी बाजूला काढलेला पैसा यात घालू नका. पाऊस कमी झाला तर तलाव आटतो, तेव्हा वर्षभर घर चालवणारा तोच पैसा असतो.

दर महिना दहा टक्के

गेनबिटकॉइनची गोष्ट सीमेवरच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी, कारण ती दूरची नाही. बिटकॉइन द्या, १८ महिने दर महिना १० टक्के बिटकॉइन परत मिळेल, अशी ती योजना. आणखी माणसं जोडली की कमिशन. पुण्यासह महाराष्ट्रात आणि देशभर गुन्हे नोंद झाले. २०१८ मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे लोकांकडून घेतलेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ च्या भावानंच सुमारे ६,६०० कोटी होती. तपास पुढं सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठहून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या. इतकी वर्षं गेली, लोक अजून वाट बघतायत.

यात टोकनचा धडा बारीक आहे. परतावा द्यायची वेळ आली तेव्हा लोकांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं योजनेचं स्वतःचं टोकन देण्यात आलं, ज्याची किंमत फार कमी होती. तक्ता बघायला सुंदर, आकडे भरलेले, पण विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. टोकन बनवणं अवघड नाही, जाणकार माणूस चहा होईपर्यंत हवं त्या नावाचं टोकन तयार करतो. उद्या कुणी "मत्स्य कॉइन" काढेल. त्याला विचारा : हे टोकन कुठल्या वहीचं भाडं भरायला लागतं? आज, आत्ता, तुझ्याशिवाय दुसरं कोण ते विकत घेतं? माणसं जोडल्याशिवाय परतावा कुठून येतो? कटल्याचं बोटुकलं दर महिना किती वाढतं ते आपल्याला ठाऊक आहे, त्याला खाद्य लागतं, पाणी लागतं. पैसा कशावर वाढतोय ते सांगता आलं पाहिजे.

याच प्रकरणात मार्च २०२२ मध्ये आणखी एक घडलं. पोलिसांना तांत्रिक मदत करायला बोलावलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. जप्त केलेल्या वॉलेटमधली क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. तेव्हा "बुडालेलं परत मिळवून देतो, फक्त बारा शब्द सांगा" म्हणणारा कितीही मोठ्या ओळखीचा असला, कोट घातलेला असला, आपला पाहुणा असला, तरी शब्द सांगायचे नाहीत.

कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरला फोन लावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार होते. बँकेतून किंवा यूपीआयनं पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, टोकन होऊन बाहेर गेल्यावर ती फार कमी उरते. व्यवहाराचा नंबर, समोरच्याचा पत्ता, बोलणं, सगळं जपून ठेवा, काही पुसू नका.

अमॉयवरचा सराव करताना अडलात तर मोबाईल घेऊन लिलावाच्या दिवशी दुपारनंतर संस्थेत या, किंवा इथं खाली विचारा. विचारताना पत्ता आणि व्यवहाराचा नंबर दिला तरी पुरे. बारा शब्दांचा कागद घरीच ठेवून या.